नऊशे ऐंशी पौंडांची शोभेची वस्तू

इंडियानातल्या क्वेल हॉलो वसाहतीत एकशे अठरा घरं आहेत आणि वसाहतीच्या नियमावलीला एकशे बारा पानं आहेत. घर घेताना प्रत्येकाने शेवटच्या पानावर सही केलेली आहे. आधीची एकशे अकरा पानं कुणी वाचल्याचा पुरावा मात्र वसाहतीच्या दप्तरी आढळत नाही.

सही व्हर्ना स्टकीनेही केली होती. वय त्र्याहत्तर, शाळा आठवीपर्यंत, आणि पुढे एकतीस वर्षं धान्याच्या गोदामावर वजनकाट्याची नोकरी. मक्याचा ट्रक काट्यावर चढला की आकडा उमटायच्या आत ती वजन सांगून मोकळी व्हायची. माणसांच्या बाबतीतही तिचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि तो ती मनात ठेवत नसे.

तिचा नवरा मर्ल मार्चमध्ये गेला. मागे गॅरेजात एक लाल, दोन आसनांची जुनी गाडी राहिली. मर्लने आणि मुलाने, लायलने, सहा वर्षं खपून ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार केली होती. ती अजून एकदाही पळाली नव्हती. हौशी लोकांसाठी ट्रॅक यंदा शेवटचा उघडणार होता तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. त्या दिवशीही जमलं नाही तर गाडी विकून टाकू, इलिनॉयचा एक माणूस केव्हाचा मागे लागलाय, असं लायल म्हणाला. हे तो बशीकडे बघत म्हणाला, म्हणजे त्याच्या मनात नव्हतं. नवऱ्याने हाताने केलेली वस्तू एकदाही न पळता दुसऱ्याच्या दारात जावी, हे व्हर्नाच्या मनात तर अजिबात नव्हतं.

अडचण एवढीच होती की ती गाडी रस्त्यावरून नेता येत नव्हती. वजन कमी करायचं म्हणून लायलने तिचे दिवे काढले होते, हॉर्न काढला होता, हीटर, गालिचे, मागचा आरसा, सगळं काढलं होतं. एकदा त्याने सगळे बोल्ट बदलून चार पौंड वाचवले आणि ते आईला सांगायला आला. ती म्हणाली, "सकाळी रस्सा ओतून ती पावासारखी बिस्किटं किती खाल्लीस ते आधी सांग. गाडी वाळत चालली आणि तू फुगत चाललास."

तेव्हा गाडी वाहून न्यायला ट्रेलर हवा. मर्लचा दणकट ट्रक वसाहतीत येतानाच विकावा लागला होता, कारण तसल्या लांबीचा ट्रक दारात उभा करायला नियमावलीत मनाई होती. उरली व्हर्नाची लहान चारदारी मोटार, जिला साडेतीन हजार पौंडांवर काही ओढायची परवानगी नाही. लाल गाडी भरली एकवीसशे पन्नास. उरलेल्यात ट्रेलर बसवायचा, तर तो हलका हवा, उघडा हवा, ॲल्युमिनियमचा हवा.

लायलने तीन आठवडे इंटरनेटवर अभ्यास केला. ट्रेलरची पाठ पूर्ण फळ्यांची असावी की चाकांपुरत्या दोन पट्ट्या असाव्यात, यावरून तिथे भल्या भल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. लायलने सतरा रकान्यांचा तक्ता केला. अठरावा रकाना सुरू होताना व्हर्नाने पर्स उचलली आणि ट्रेलरवाल्याकडे गेली.

ट्रेलरवाल्याने चकचकीत पत्रक पुढे केलं. वजन आठशे चाळीस पौंड.

"यात चाकं धरलीत का?" व्हर्नाने विचारलं.

"चाकं वेगळी धरतात, बाई. या धंद्यात तशीच पद्धत आहे."

"चाकं नसली की त्याला पलंग म्हणतात. पलंग आहे माझ्याकडे."

तिने ट्रेलर जुन्या गोदामाच्या काट्यावर न्यायला लावला. चाकांसकट, चढणीच्या फळ्यांसकट आकडा पडला नऊशे पंच्याऐंशी. तिने आधीच नऊशे ऐंशी सांगितलं होतं, आणि वरचे पाच पौंड ट्रेलरवाल्याचा पाय काट्यावर आहे म्हणून, हेही सांगितलं. पाय निघाला आणि आकडा नऊशे ऐंशीवर आला. त्या वजनाचा शिक्क्यानिशी दाखला घेऊन मगच तिने ट्रेलर घेतला. घरी येते तो लायल सोबत न्यायच्या सामानाची यादी करत बसला होता. तंबू, घडीच्या चार खुर्च्या, बर्फाची पेटी, जनरेटर. "पळवायला चाललायस की संसार थाटायला?" असं विचारून तिने यादीवर काट मारली. जॅक, पाना आणि हेल्मेट राहिलं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं.

ट्रेलर दारात आल्याच्या तिसऱ्या दिवशी वसाहतीच्या मंडळाचं पत्र आलं. कलम चौदा अन्वये रस्त्यावरून दिसेल अशा जागी चोवीस तासांपेक्षा जास्त काळ ट्रेलर, होडी अथवा तत्सम वाहन ठेवण्यास मनाई असून, दहा दिवसांत सदर वस्तू हटवून तसा अहवाल विहित नमुन्यात सादर करावा. सोबत पुराव्यादाखल तीन छायाचित्रं. तिसऱ्यात व्हर्ना स्वतः होती, घरातल्या झग्यात, वाकून पेपर उचलताना.

ट्रेलर गॅरेजात मावत नव्हता, कारण गॅरेजात गाडी होती. गाडी बाहेर ठेवता येत नव्हती, कारण तिला दिवे नव्हते आणि कलम सोळानुसार दिवे नसलेली गाडी ही भंगार होती. आठ मैलांवर भाड्याने जागा मिळायची, पण तिथे जानेवारीपर्यंत एक फूट शिल्लक नव्हता. क्वेल हॉलोतून हटवलेल्या वस्तूंनी ती जागा भरली होती.

म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी व्हर्ना मंडळाच्या बैठकीला गेली. अध्यक्ष प्रेंटिस डिलवर्थ, दातांच्या विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. 'नाही' हा शब्द त्यांनी चाळीस वर्षं इतक्या सभ्यपणे वापरला होता की ऐकणारा आभार मानून दातदुखी घेऊन घरी जायचा. व्हर्ना म्हणाली, असला नियम करणाऱ्याचं डोकं तपासायला हवं. डिलवर्थनी चष्मा लावला आणि तीन वर्षांपूर्वीचं इतिवृत्त काढलं.

"कलम चौदा," ते वाचू लागले. "सूचक, श्रीमती व्ही. स्टकी. गस टॉलिव्हर यांच्या होडीसंदर्भात. त्यांचं म्हणणं असं नोंदलंय की, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सकाळ-संध्याकाळ मासेमारी बघायची नाही."

गस टॉलिव्हर, व्हर्नाच्या समोरच्या घरातला विधुर, शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने लिंबाच्या वडीचा दुसरा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चघळला.

घरी येऊन व्हर्नाने नियमावली वाचायला घेतली. वसाहतीच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. ओळीखाली बोट धरून पाच संध्याकाळी ती वाचत होती, आणि पाचव्या संध्याकाळी बोट कलम एकतीसवर थांबलं. शोभेची वस्तू: स्वतःचं इंजिन नसलेली, हजार पौंडांच्या आतली, स्वतःच्या आधारावर उभी राहणारी आणि ऋतूला साजेशा फुलांनी निदान सहा चौरस फूट झाकलेली कोणतीही वस्तू अंगणात कायम ठेवता येईल. डिलवर्थनी स्वतःच्या हिरवळीवर जुनी घोडागाडी आणून तिच्यात फुलं लावली त्याच वर्षी हे कलम झालं होतं. घोडागाडीचं वजन नऊशे नव्वद होतं, म्हणून मर्यादा हजार होती.

व्हर्नाने तीन प्रतींत अर्ज केला आणि सोबत गोदामाचा दाखला जोडला. तीन माणसांची पाहणी उपसमिती आली. इंजिन शोधलं, सापडलं नाही. ट्रेलर ढकलून पाहिला, पडला नाही. डिलवर्थ म्हणाले, पण याला चाकं आहेत. व्हर्ना म्हणाली, तुमच्या घोडागाडीची चाकं काढा, मग मीही काढते. अर्ज मंजूर झाला. लायलने कुंड्या भरभरून शेवंती आणली, पिवळी आणि तांबडी, आणि ट्रेलर फुलांनी भरून गेला.

चार दिवसांनी पाऊस पडला. कुंड्यांतली माती भिजली, आणि उपसमितीतल्या एकाच्या मनात आलं की आता वस्तू हजाराच्या वर गेली असणार. पत्र आलं. व्हर्नाने मोठ्या कुंड्या उतरवून लहान ठेवल्या, प्रत्येक कुंडी न्हाणीघरातल्या काट्यावर तोलली आणि आकडे कळवले. उपसमितीने आकडे स्वीकारले, मात्र यापुढे फुलांना पाणी घालण्यापूर्वी लेखी सूचना द्यावी, असं सुचवलं.

सप्टेंबरअखेर वसाहतीची शरद सजावट स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस ट्रेलरला मिळालं. डिलवर्थांची घोडागाडी दुसरी आली. पहिल्या बक्षिसाची निळी फीत ट्रेलरला स्वतःच्या हाताने बांधताना ते हसले होते, आणि त्या हसण्याचं वजन व्हर्नाने तिथल्या तिथे केलं. दुसऱ्याच दिवशी पत्र आलं. बक्षीसपात्र वस्तूची जागा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत रिकामी राहता कामा नये. वस्तू हलवायची असल्यास मासिक बैठकीत अर्ज करावा. बैठक दुसऱ्या सोमवारी होती. ट्रॅक त्याआधीच्या शनिवारी.

लायलने पत्र दोनदा वाचलं आणि इलिनॉयच्या माणसाचा नंबर शोधू लागला. व्हर्नाने त्याच्या हातातून फोन घेतला, पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

शनिवारी सकाळी सात वाजता ती मोटार मागे घेऊन ट्रेलर जोडत होती, तेवढ्यात समोरून गस आला. हातात घडीची खुर्ची, थर्मास आणि कागदात बांधलेलं सँडविच. पत्रातली भाषा त्यालाही तोंडपाठ झाली होती.

"जागा रिकामी राहायला नको ना?" तो म्हणाला. "मी बसतो."

"तू?"

"दोनशे दहा पौंड. इंजिन नाही. फुलांचं तू बघ."

व्हर्नाने त्याला न्याहाळलं. "दोनशे अठ्ठावीस," ती म्हणाली, पण शेवंतीच्या कुंड्या त्याच्या मांडीवर आणि भोवताली नीट मांडून दिल्या. एक शेवंती त्याच्या डोक्यावरच्या टोपीत खोचली, कारण सहा चौरस फूट म्हणजे सहा चौरस फूट. निळी फीत त्याच्या दंडाला बांधली. दहा वाजता डिलवर्थ फिरायला आले, थांबले, नियमावली काढून कलम एकतीस वाचलं. गस हलला नाही. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि फुलं छान फुललीयत एवढं म्हणून पुढे गेले.

चाळीस मैलांवर, ट्रॅकच्या कुंपणाशी, व्हर्ना तेव्हा जाळीला हात लावून उभी होती. लाल गाडी पहिल्या वळणावर दबकत गेली, दुसऱ्यावर जरा सैल झाली, आणि सरळ रस्त्याला लागल्यावर लायलने तिला सोडली. तिसरा गिअर पडताना जो आवाज आला, तो मर्ल सहा वर्षं रोज रात्रीच्या जेवणानंतर जुळवत बसायचा. त्यावरून तिने त्याला बरंच बोलूनही घेतलं होतं. गाडी तेरा फेऱ्या पळाली. तिचं काही गळून पडलं नाही. लायल हेल्मेट काढून आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. व्हर्ना म्हणाली धूर फार आहे इथे, आणि आपले पुसले.

परत आले तेव्हा साडेचार वाजले होते. गस तिथेच होता. पाय सुजले होते आणि टोपीतल्या शेवंतीवर एक मधमाशी बसलेली होती. व्हर्नाने त्याला हात देऊन उठवलं. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं, असं तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "सोमवारी तुझ्यासाठी वड्या आणते."

सोमवारी बैठकीला तिने वड्या नेल्या. पहिला ठराव आला: चाकं असलेल्या शोभेच्या वस्तूंना महिन्यातून एक शनिवार रजा द्यावी. सर्वांत आधी हात गसने वर केला. ठराव मंजूर झाला, आणि व्हर्नाने त्याच्याकडे वळून मान हलवली.

"यानंतर श्री. टॉलिव्हर यांचा अर्ज," डिलवर्थ म्हणाले. अर्ज व्हर्नाच्याच अर्जाबरहुकूम होता, तीन प्रतींत, सोबत गोदामाचा दाखला. वस्तू: ॲल्युमिनियमची होडी, शेवंतीने भरलेली. वजन चारशे वीस पौंड. इंजिन उतरवलेलं. जागा: समोरचं अंगण. "मंजूर करावाच लागेल," डिलवर्थ हळुवारपणे म्हणाले, "कलम एकतीसमध्ये होड्या वगळण्याची दुरुस्ती कुणाला सुचवायची नसेल, तर."

व्हर्नाच्या डोळ्यांसमोर तिची स्वयंपाकघराची खिडकी आली. सकाळचा कॉफीचा कप, आणि समोर ती होडी, मासळीच्या वासाची, फुलं लावलेली. वास इतक्या लांब येत नाही हे तिला माहीत होतं. शनिवारचे सुजलेले पायही तिला आठवत होते. तरी दुरुस्ती सुचवायला हात वर गेला. आपला हात किती भरतो हे तिने कधी तोललं नव्हतं. तो फारच हलका निघाला.

गसने वडीचा तुकडा परत बशीत ठेवला.

दुरुस्तीच्या बाजूने किती, हे मोजायला डिलवर्थ उभे राहिले. एका मताने अडलं होतं. शेवटच्या रांगेतली गसशेजारची एक खुर्ची रिकामी आहे. या, बसा. वड्या ताज्या आहेत, आणि कलम वाचलेलं असायची काही अट नाही. तुमच्या खिडकीसमोरच्या घरात काय उभं असतं ते फक्त क्षणभर आठवा, हात आपोआप वर जाईल.