'येतो' म्हणाल्यामुळे अडलेला ताबा

शुद्धलेखनात चुका निघतील, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. पण चिपळूणच्या हॉटेल वैजयंतीने विक्री झाल्यावर नव्या मालकिणीला ताबा द्यायला नकार दिला, ती गोष्ट घडली तशी सांगतो.

खरेदीखत नोंदवून झालं होतं. निनाद खेडेकर हा तरुण वकील फक्त हॉटेलांच्या खरेदी-विक्रीची कामं करी, आणि स्वतंत्रपणे हाती घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम. नव्या मालकीणबाई शलाका घोरपडे यांनी कुलपात किल्ली फिरवली. किल्ली फिरली, दार काही उघडेना.

"संध्याकाळपर्यंत ताबा द्या, नाहीतर व्यवहार मोडला," बाई म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

निनाद स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरला. वकिलांशी हॉटेलचं काही वाकडं नव्हतं. त्याने काउंटरवरचा फोन उचलला.

"आपली हरकत काय आहे?"

"जुन्या मालकांचं बुकिंग आहे," हॉटेल म्हणालं. "रेडीजशेठ उंबऱ्यात उभे राहून 'येतो' म्हणाले. येणाऱ्याची जागा दुसऱ्याला द्यायची, हा आपल्या धंद्याचा रिवाज नव्हे."

"अहो, ती बोलायची पद्धत आहे."

"तारीख दिली नाही, पण शब्द दिलाय. 'जातो' म्हणू द्या, लगेच दार उघडेन."

मुद्दा बिनतोड होता. निनाद धावत बाहेर सामान भरून उभ्या असलेल्या टेम्पोपाशी गेला. रेडीजशेठ आणि त्यांच्या पत्नी माई आत बसून होते. लेकीकडे नाशिकला कायमचं राहायला निघाले होते.

"शेठ, एकदाच 'जातो' म्हणा."

"जीभ झडो तुमची!" माई कडाडल्या. "म्हाताऱ्या माणसाला दारात उभं करून 'जातो' म्हणायला लावता? तुमच्या घरी म्हणतात का?"

"नाही म्हणत," निनाद खाली बघत म्हणाला.

"मी म्हटलं असतं रे," शेठ हळूच बोलले, "पण मग नाशिकपर्यंत हिच्या शेजारी बसायचंय."

निनाद अंगणात येरझारा घालू लागला. बसवेना, उभं राहवेना. ऊन कौलांवरून उतरलं. बाईंच्या ड्रायव्हरने गाडी चालू केली, तसा तो पुन्हा फोनकडे धावला.

"बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करता येतं का?"

"येतं. पण तो माणूस नक्की येणारा पाहिजे."

"माझं नाव घाला, आणि उद्या सकाळची तारीख टाका."

दार आपोआप उघडलं. शलाकाबाई गाडीतून उतरून आत गेल्या. शेठ निरोप घ्यायला वळले, तोच माईंनी त्यांच्या तोंडावर पदर दाबला आणि टेम्पो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनाद ठरल्याप्रमाणे हजर झाला.

"आलात, बुकिंग पुरं झालं," हॉटेलने फोनवर कळवलं. शलाकाबाईंनी चहा दिला. चहा झाला. त्याला कोर्टात पोहोचायचं होतं. बॅग उचलून तो उंबऱ्याशी आला.

"निघालात?" बाईंनी विचारलं.

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. निनादने ते गिळलं. घरातली सगळी माणसं आठवली, पण न बोलता कोणी घराबाहेर पडल्याचं त्याला आठवेना. काउंटरवरचा फोन शांत होता, कान लावून बसल्यासारखा.

निनाद मागे फिरला, बॅग खुर्चीवर ठेवली आणि पोहे सांगितले.