लेबल नसलेला डबा

सुलभाकाकू गेल्या त्या दिवशी सबनीस काकांच्या डायनिंग टेबलावर सँडविचच्या तीन ताटल्या होत्या आणि तिन्हींना लेबलं होती. पहिलीवर ‘अंडं आहे’, दुसरीवर ‘अंडं नाही’ आणि तिसरीवर ‘माहीत नाही, मॉरीननं आणलंय’. सगळं इंग्रजीत, पांढऱ्या सर्जिकल टेपवर, काळ्या पेननं, सुवाच्य. आयर्लंडमधल्या आमच्या वॉटरफोर्डचे शेजारी रांगेनं येऊन काकांचा हात हातात घेत होते, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होते. काका मान हलवत होते आणि एक डोळा ताटल्यांवर ठेवून होते. शेजारची मॉरीन आपल्याच सँडविचसमोर उभी राहून ते लेबल वाचत होती. तिला वाईट वाटलं की नाही कळलं नाही, पण तिनं पहिल्या ताटलीतलं घेतलं.

काका म्हणजे डॉ. श्रीनिवास सबनीस, इथल्या हॉस्पिटलातले निवृत्त भूलतज्ज्ञ. माझा नवरा नितीन त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मी त्याच्यामागून इथे आले आणि घरबसल्या डबे करून द्यायला लागले. आमचं घर काकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि काकांची हाक मोठी आहे.

भूल देणाऱ्याच्या ट्रेमध्ये बिनलेबलाची सिरिंज असली की माणूस झोपतो तो उठतच नाही, असं काका सांगायचे. हे हॉस्पिटलात ठीक आहे. पण काकांनी ती टेप घरी आणली. विजेच्या प्रत्येक बटणाखाली लेबल. टीव्हीच्या रिमोटवर ‘हा’ आणि दुसऱ्या रिमोटवर ‘हा नाही’. बागेतल्या कुदळीवर ‘कुदळ’. माझी मुलगी एकदा त्यांच्याकडून घरी आली ती फणफणत, "मॅम, ही लेबल्ड माय रनर्स!" डाव्या बुटावर ‘डावा’ होतं. कुणी काही विचारलं की काकांचं ठरलेलं उत्तर असे, "लेबल वाच, मग बोल. लेबल नसलेली वस्तू म्हणजे अफवा."

या राज्यात एकच संस्थान स्वतंत्र होतं. काकूंचं स्वयंपाकघरातलं कपाट. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, काकूही प्रेसच म्हणायच्या. "माझ्या प्रेसला टेप लावलीत तर सांगलीला निघून जाईन," असं त्यांनी लग्नानंतर कधीतरी बजावलं होतं आणि काकांनी ते पाळलं. आत लग्नातले पाच स्टीलचे डबे, एका मापाचे, एका चेहऱ्याचे. पाचही डब्यांवर कोरलेलं: ‘चि. सौ. कां. सुलभा हिस मामांकडून सप्रेम’. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते माणसाचं, आतल्या जिनसाचं कोणी घालत नाही. काकू डबा उचलून नुसता हलवायच्या आणि सांगायच्या, हा साखरेचा, हा पोह्यांचा. काका हे बघून अस्वस्थ व्हायचे. "हे शास्त्र नाही, सुलभा." "नाहीच मुळी," काकू म्हणायच्या, "स्वयंपाक आहे."

काकांच्या निवृत्तीनंतर आम्ही चौघांनी हिवाळी क्रूझ ठरवली होती. लिस्बन, कादिझ, मग मदेरा आणि कॅनरी बेटं. काकूंनी माहितीपुस्तिकेत मदेराच्या डोंगरउतारावरची फुलं पाहिली होती आणि तेव्हापासून त्या आयर्लंडच्या पावसाकडे फार दिवस राहिलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या पोटात दुखू लागलं. पानगळीत त्या गेल्या. शेवटी शेवटी काका त्यांच्या उशाशी बसून औषधाच्या पंपावरचं लेबल वाचत राहायचे. वाचून काही बदलणार नव्हतं. जन्मभर परक्यांच्या वेदना घालवल्या आणि घरच्या बाईची काही पूर्ण घालवता आली नाही, हे त्यांनी एकदाच म्हटलं आणि विषय बदलला.

काकूंचे भाऊ येऊन बहुतेक अस्थी कृष्णेत सोडायला घेऊन गेले. थोड्या काकांनी ठेवून घेतल्या, मदेराच्या समुद्रासाठी. स्मशानातून मिळालेली बरणी प्लास्टिकची होती. "तिला प्लास्टिक आवडायचं नाही," म्हणून त्यांनी पाचांतला एक डबा रिकामा केला, त्यात अस्थी भरल्या आणि प्रेसमध्ये परत ठेवला. वरच्या फळीवर, उजव्या टोकाला. लेबल लावलं नाही. शब्द दिला होता ना. पुढे काकांची मुलगी मेलबर्नला परत जायच्या आधी सगळे डबे खाली काढून आईचं कपाट पुसून लख्ख करून गेली, हे मला नंतर कळलं.

जानेवारीत आम्ही तिघं निघालो. रॉसलेअरहून फेरीबोटीनं वेल्सला, तिथून गाडीनं साउदम्पटनला आणि तिथून त्या अवाढव्य बोटीवर. काकूंच्या खणात बांधलेला डबा काकांच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. पिशवीवर लेबल होतं: ‘माझी पत्नी’. जेवणाच्या हॉलमधला वेटर ते वाचून दोन पावलं मागे सरकला.

क्रूझ म्हणजे मजा, असं म्हणतात. बिस्केच्या उपसागरात बोट अशी हलली की नितीन दोन दिवस पालथा पडून होता. काकांनी त्याच्या केबिनच्या दाराला ‘रुग्ण’ लिहिलेली टेप लावली. लिस्बनला पाऊस होता. पिवळ्या ट्रामच्या पायरीशी काका पिशवी थोडी वर धरून थांबले आणि हळूच म्हणाले, "पायरी उंच आहे हं." मागची माणसं खोळंबली. कादिझला त्यांनी समुद्राकाठच्या जुन्या तटावर पिशवी ठेवली, तिच्या बाजूला बसले आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही गाव बघून या. आम्ही बसतो." मला रडूही येत होतं आणि रागही. माणसानं धड रडावं की नाही एकदा! हे आपले टेपचं रीळ खिशात घेऊन फिरतात.

मदेराला मात्र ऊन होतं आणि डोंगरभर खरोखर फुलं होती. त्या दिवशी काका कोणालाही काही वाचायला लावत नव्हते.

बेट मागे टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सोडायची परवानगी मिळाली होती. मागच्या डेकवर आम्ही तिघं आणि बोटीचा एक तरुण अधिकारी. त्यानं टोपी काढून छातीशी धरली. काकांनी खण सोडला, डबा दोन्ही हातांत घेतला आणि त्यावरचं नाव वाचलं. तीनदा वाचलं, मोठ्यानं, ऑपरेशन थिएटरात वाचायचे तसं. "सुलभा. सुलभा. सुलभा." मग डबा जरा वर-खाली करून नितीनला म्हणाले, "फारच हलकी झाली रे."

त्यांनी झाकण काढलं, काहीतरी पुटपुटले आणि डबा कठड्याबाहेर कलंडवला. वारा उलटा फिरला. अर्धा ढग समुद्रावर गेला आणि अर्धा माझ्या तोंडावर आला. नाकात, डोळ्यांत, ओठांवर. अधिकारी बिचारा टोपी छातीशी धरून तीनदा शिंकला आणि प्रत्येक शिंकेनंतर "सॉरी, सर" म्हणाला.

मी डबे करते. माझं पोट त्यावर चालतं. ओठांवरून जीभ फिरली आणि मला कळलं. हिंग, हळद, मोहरी, भाजलेली डाळ. अटलांटिकमध्ये आम्ही टोप्या काढून, हात जोडून मेतकूट सोडत होतो.

मी काकांकडे पाहिलं. ते डबा शेवटपर्यंत उपडा करत होते. चेहरा दगडासारखा. मी तोंड पुसलं आणि हात जोडले.

पुढचे सगळे दिवस मी ते पोटात ठेवलं. नितीनलाही सांगितलं नाही, त्याच्या पोटात आधीच काही राहत नव्हतं. काय सांगायचं होतं? की काका, तुम्ही आयुष्यात एकदाच चुकीची सिरिंज उचललीत आणि ती ही? ते शांत दिसत होते. कॅनरी बेटांवर त्यांनी चक्क आइस्क्रीम खाल्लं. त्यांचं समाधान होतंय तर होऊ दे, समुद्राला काय कळतंय, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि परतीच्या वाटेवर, कॉफी पिता पिता, काका म्हणाले, "घरी गेलो की पहिल्यांदा मऊ भात, तूप आणि सुलभाचं मेतकूट. आजारी पडायच्या आधी केलेलं. मी इतके महिने झाकण उघडलेलं नाही. म्हटलं, सगळं पार पडू दे."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. प्रेसमध्ये आता भुकटीचा एकच डबा होता. त्यात काय होतं ते जहाजावर फक्त मला माहीत होतं. हा माणूस घरी जाऊन बायकोची राख भातावर घालून खाणार होता.

वॉटरफोर्डला पोचलो त्या दुपारी बॅगा दारात टाकून मी तशीच काकांकडे पळाले. मागचं दार उघडंच होतं. कुकरची शिट्टी झालेली, घरभर भाताचा वास. टेबलावर दोन ताटं. मधोमध ‘सुलभा हिस मामांकडून सप्रेम’.

"काका, थांबा!" मी ओरडले. "तो डबा उघडू नका. त्यात... तुम्ही बोटीवर सोडलं ते..."

"मेतकूट होतं," काका म्हणाले. "बस."

मी बसले.

"झाकण काढलं तेव्हाच हिंगाचा वास आला मला. पण तोवर हात कलंडला होता, वारा सुटला होता. अर्धं गेलंच होतं. आणि तो पोरगा टोपी काढून उभा. त्याला काय सांगू, थांब, हे जेवणातलं आहे?"

"मग नंतर तरी बोलायचंत. आम्हाला."

"तुझ्या तोंडावर उडालं तेव्हा बघत होतो मी. तू पुसलंस आणि हात जोडलेस. म्हटलं, हिला कळलं नसेल तर हिला तरी वाटू दे की सगळं नीट झालं. काल मुद्दाम त्या भाताचं बोलून पाहिलं, तर तुझा कप आपटला. तेव्हा कळलं, तुलाही माहीत आहे. म्हणून दार उघडं ठेवलं."

मला हसू आलं. मग काकांचा चेहरा पाहिला आणि ते गेलं.

"अस्थींचं काही नाही गं," ते म्हणाले. "आहेत प्रेसमध्ये. समुद्र कुठे पळून चाललाय? पण मेतकूट गेलं, मेघना. ते परत कुठून आणू?" आणि मग सुलभाकाकू गेल्यापासून पहिल्यांदा सबनीस काका रडले. आवाज न करता, मान खाली घालून, दोन्ही हात टेबलावर पसरून. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

थोड्या वेळानं म्हटलं, "मी करून देईन, काका."

"तिचं प्रमाण तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्यांनी नाक पुसलं, टेबलावरचा डबा उचलला, बोटीवरून परत आणलेला रिकामा डबा. माझ्या भातावर तो उपडा करून तळावर थापट्या मारल्या. काठाच्या वळीत अडकलेली चिमूटभर पिवळी भुकटी पडली. त्यांच्या भातावर काहीच नव्हतं.

"तुम्ही घ्या, काका."

"नको. तू खा. आणि मला सांग." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तिथे वाऱ्यात मला नुसता वास आला. चव तुझ्या तोंडात गेली. मला आता नीट आठवत नाही, कशी होती."

मी घास घेतला. हळूहळू चावला. एवढ्या काळजीनं मी कधीच काही चाखलं नाही.

"मेथी जास्त आहे, काका. जरा कडवट लागतंय."

"हां," ते म्हणाले आणि आपला कोरडा भात कालवायला लागले. "जास्तच घालायची ती. मी नेहमी सांगायचो तिला."