कमी खाणारं कार्ड

सकाळी वाल्मिक उठायच्या आधी त्याचा राग उठायचा. तोंड धुताना नळावर राग, बूट घालताना नाडीवर राग, आणि गलोंड्याच्या कंपनीत जायला रिक्षा मिळाली नाही की अख्ख्या सिल्वासावर राग. (मिळाली तर रिक्षावाल्यावर.) माणूस वाईट नव्हता हो. सूतकंपनीत वायरमन होता, आणि दिवसभर जो येईल तो त्याला हाका मारायचा. वाल्मिक, मोटर बघ. वाल्मिक, ट्यूब गेली. वाल्मिक, साहेबांच्या टेबलाखाली काहीतरी गुणगुणतंय. हाका ऐकून कान किटलेला माणूस चिडणार नाही तर काय आरती म्हणणार?

म्हणून तर त्या कॉम्प्युटरवर त्याचा एवढा जीव. कंपनीतल्या अनिकेत साहेबांची पुण्याला बदली झाली, तिकडे त्यांना नवा मिळणार होता, तेव्हा त्यांचा जुना वाल्मिकने घेतला. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. अथाल गावातल्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळी सात वाजता वाल्मिक खेळाला बसला की तासभर त्याला कुणाची हाक लागायची नाही. एकदा त्याच्या बायकोने, दुर्गाने, मागे उभं राहून मुद्दाम म्हणून बघितलं, "अहो, कपाटात साप शिरला."

"बस म्हणावं, आलोच," वाल्मिक म्हणाला.

असा तो एक तास. चोवीस तासांत तेवढाच काय तो त्याचा स्वतःचा. आणि नव्व्याण्णव सालची संक्रांत झाली, तिळगूळ अजून डब्यात होता, तेव्हा नेमका त्याच तासावर घाला पडला.

नारणभाई घरमालक. त्यांच्या घरामागे ओळीने तीन खोल्या: पहिली वाल्मिकची, मधली सुकदेवची, टोकाची शिवणकाम करणाऱ्या ममताची. तिन्ही खोल्यांना मिळून फ्यूज एकच, तोही नारणभाईंच्या ओट्यावर. सात वाजता वाल्मिक शर्यतीला बसायचा, आणि सव्वासातच्या सुमारास फट्! तिन्ही खोल्यांत अंधार. सुकदेवची टीव्हीवरची बाई रडता रडता गायब, ममताची सुई अर्ध्या टाक्यात.

"वाल्मिकभाऊ!" भिंतीपलीकडून सुकदेव ओरडायचा. "त्या गाड्या घाला तुमच्या दमणगंगेत!"

"तुझा टीव्ही घाल आधी!"

रोज हेच. शेवटी नारणभाई स्वतः मागे आले. एरवी ते पलीकडून खाकरूनच काम भागवायचे.

"जुओ, बघा वाल्मिकभाई," ते म्हणाले. "आता अजून एक वार लाइट गेली ने, तो कॉम्प्युटर बहार. कॉम्प्युटर नाय, तो तमे बहार."

वाल्मिक रात्रभर तळमळला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीतून टाँग टेस्टर घेऊन आला. हा टेस्टर चिमट्यासारखा तारेभोवती धरायचा, की आतून किती वीज चालली ते काटा सांगतो. वाल्मिकचा माणसांवर विश्वास नव्हता, पण काट्यावर होता. कॉम्प्युटर चालू केला, काटा थोडा उठला. खेळ चालू केला, काटा आणखी केसभर उठला.

"ते केसभर कोण खातंय?" वाल्मिकने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत खेळाची चित्रं पळवणारं एक कार्ड होतं, चांगलं तळहाताएवढं, आणि त्याच्यावर स्वतःचा छोटा पंखा! "बघ, बघ! घरात आई बिनपंख्याची बसते, आणि ह्या साहेबांना पंखा! सापडला चोर."

दुर्गा पोळ्या लाटत होती. तिला त्याने समजावून सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. "बादली काठोकाठ भरलेली आहे. शेवटचा थेंब पडतो आणि सांडते. तो थेंब म्हणजे हे कार्ड. हे बदलायचं, कमी खाणारं आणायचं. संपला विषय."

"पण बादली कोणी भरली?" दुर्गा म्हणाली.

इथे वाल्मिक क्षणभर थांबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"तुला वायरिंगमधलं काय कळतं?" तो म्हणाला.

दुर्गाने पोळी उलटली आणि पुढची लाटायला घेतली. विजेच्या बाबतीत त्या घरात कायदा वाल्मिकचाच. दिवा एका वेळी एक. इस्त्री रविवारी. पाणी तापवायचा रॉड पंधराशे वॅट खातो म्हणून तो दिवाळीतच माळ्यावर गेला होता. पाणी तापवायचं ते रॉकेलच्या स्टोव्हवर. वाल्मिकची आई भिमाबाई थंडीपुरती पारोळ्याहून आली होती. तिचे गुडघे धरलेले. संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडल्याशिवाय तिला उठता यायचं नाही, आणि स्टोव्हला पंप मारायला बसलं की तर मुळीच उठता यायचं नाही. पण लेकाच्या कायद्याला ती एका शब्दाने बोलली नाही. (आई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मानणारे लेक सगळ्या मुलखात आहेत.)

सुट्टीच्या दिवशी वाल्मिक ते खादाड कार्ड फडक्यात गुंडाळून वापीला गेला. दुकानदार कल्पेश तरुण आणि हसतमुख होता. वाल्मिकला हसतमुख माणसांचा पहिल्यापासून संशय.

"बोलो भाई, कोणती गेम चालवायची?"

"गेम सोड. वॅट किती?"

"काय किती?"

"वॅट, वॅट! खातं किती हे कार्ड?"

"भाई, लोक विचारतात पिक्चर किती फास्ट पळेल. खाण्याचं आजपर्यंत कोणी नाय विचारलं."

"म्हणूनच देशाची ही दशा झाली!" वाल्मिकने पिशवीतून टाँग टेस्टर काढला. शिवाय घरून एक खास वायर आणली होती, आतल्या तारा सुट्या केलेली. कारण जाणारी आणि येणारी तार एकत्र धरली तर काटा जागचा हलत नाही. "एकेक कार्ड लाव. मी मोजतो."

कल्पेशने पाच कार्डं लावली. पाच वेळा डबा उघडला, पाच वेळा बंद केला. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली. एक बाई बिलाच्या प्रिंटरसाठी शाई घ्यायला आल्या होत्या, त्याही काटा बघत उभ्या राहिल्या.

"याला पंखा कशाला?"

"गरम होते ने भाई."

"गरम होतं म्हणजे वीज फुकट जाते. बिनपंख्याचं काढ."

शेवटी कल्पेशने सगळ्यांत खालच्या खणातून, वायरींच्या गुंत्याखालून, बिस्किटाएवढं एक कार्ड ओढून काढलं आणि फुंकर मारली. "हे आहे. पण भाई, हे ऑफिसमध्ये टायपिंग करायला. गेममध्ये हे..."

ते लावलं. काटा होता तिथून केसभरही हलला नाही. वाल्मिकने टेस्टरवर टिचकी मारली, तरी हलला नाही. आणि वाल्मिक हसला. त्या वर्षातलं ते पहिलं हसू. कल्पेश दचकून मागेच सरकला.

"हेच दे. आणि हे राक्षसी कार्ड तू ठेव."

फडक्यातलं कार्ड बघून कल्पेशचे डोळे केवढे झाले! बाळंतिणीच्या खोलीतून पोर बाहेर घ्यावं तसं त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. "बरोबरीत, भाई. वर काय पण नको." वाल्मिकला वाटलं, वा, कसा फसवला!

संध्याकाळी त्याने सगळ्यांना बोलावणं धाडलं. सुकदेव आला, ममता आली, नारणभाई ओट्यावर खुर्ची टाकून फ्यूजसमोर बसले. "बघा आता," वाल्मिकने बजावलं. "आज फ्यूज उडाला तर हा कॉम्प्युटर मी स्वतः बाहेर काढतो!" (असं बोलायची गरज नव्हती. रागीट माणसाची जीभ नेहमी पुढे पळते.)

सात वाजता शर्यत सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, लग्नाचा अल्बम चाळावा तसं चाललं. एक फोटो: गाडी वळणाच्या अलीकडे. बराच वेळ. दुसरा फोटो: गाडी झाडात.

"अडकली का?" सुकदेवने खिडकीतून विचारलं.

"अडकली नाही. वीज वाचवतेय!" वाल्मिक दात आवळून म्हणाला आणि मान खाली घालून पुढच्या फोटोची वाट बघत राहिला.

सव्वासात. फट्!

अंधारात पहिला आवाज नारणभाईंच्या खुर्चीचा झाला. "चालो. बहार."

"थांबा!" वाल्मिक ओट्यावर धावला. "हे कार्ड मुंगीएवढं खातं, मी मोजलंय! इथे कुणीतरी चोरून शेगडी लावतंय. मी फ्यूज बांधतो. जे जसं चालू होतं ते तसंच चालू राहू द्या. कुणी एक बटण बंद करायचं नाही! माय, तू पण ऐक!"

"ऐकलं, बापा," आतून भिमाबाई म्हणाली.

दिवे आले. टेस्टर त्याच्या हातातच होता. पण रागातल्या माणसाला आधी भांडण सुचतं, मग मोजमाप. तो थेट सुकदेवच्या खोलीत घुसला आणि खाटेखाली वाकला. "शेगडी कुठंय?"

"कसली शेगडी, भाऊ? मी खानावळीत जेवतो!"

खाटेखाली शेगडी नव्हती. गणपतीत हरवलेली वाल्मिकची पक्कड होती.

"ही कुठून आली?"

"तुम्हीच विसरला होता," सुकदेव म्हणाला. "देणार होतो. पण तुम्ही जरा बऱ्या मूडमध्ये दिसाल म्हणून थांबलो होतो."

वाल्मिक तसाच ममताच्या खोलीत. "इस्त्री चालू आहे ना? खरं सांग!"

ममताने इस्त्री उचलून त्याच्यासमोर धरली. "घ्या, गालाला लावून बघा. गार आहे, तुमचं डोकं थंड होईल."

"वाल्मिकभाई," ओट्यावरून नारणभाईंनी विचारलं, "तमारी रूम बघितली का?"

"माझ्या खोलीत मी स्वतः असतो!" वाल्मिक गरजला. तरी पण फ्यूजच्या डब्याशी आला. तिथून तिन्ही खोल्यांच्या तारा वेगळ्या निघत होत्या. सुकदेवच्या तारेला चिमटा लावला: काटा जरासा. ममताच्या: त्याहून जरासा. स्वतःच्या तारेला लावला, आणि काटा धावत सुटला.

"टेस्टर बिघडला," वाल्मिक म्हणाला. त्याने टेस्टर मांडीवर आपटला, पुन्हा लावला. काटा पुन्हा धावला. संध्याकाळभरात पळणारं असं ते एकच.

मग पुढे वाल्मिक, मागे सगळी वरात. खोलीत कॉम्प्युटर होता, एक दिवा होता, आणि मोरीच्या पडद्यामागून खळखळ खळखळ आवाज येत होता. वाल्मिकने पडदा ओढला. पाटावर भिमाबाई, लुगडं गुडघ्यापर्यंत सावरलेलं, शेजारी बादली. बादलीवर वाल्मिकचाच कंपनीचा जुना शर्ट झाकलेला, आणि शर्टाच्या बाहीतून वायर थेट प्लगात.

शर्ट उचलला. आत रॉड. पाणी उकळायला आलेलं.

"माय! हे काय करून राहिली?"

"तूच म्हणे ना, बटण बंद करू नका," भिमाबाई म्हणाली.

तेवढ्यात फट्! सगळीकडे काळोख. आणि त्या काळोखात भिमाबाईचा समाधानी आवाज आला:

"झालं पाणी."

दुर्गाने मेणबत्ती लावली, तसा वाल्मिक बादलीशी खाली बसला. "म्हणजे... रोज?"

"रोज. तू सातला गाडीवर बसला का मी रॉड लावते. फ्यूज उडला का समजायचं, पाणी पायापुरतं तापलं."

"पण मी घरात असतो! मला दिसलं कसं नाही?"

"त्या तासात तुम्ही घरात नसता," दुर्गा म्हणाली. "माळ्यावरून रॉड मी काढला, तुमच्याच खुर्चीवर चढून. तुम्ही बसला होतात तिच्यावर. म्हणालात, सरक, वळण आलंय."

"मग मला सांगायचं नाही?"

"विचारलं होतं. बादली कोणी भरली म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला वायरिंगमधलं काय कळतं."

सुकदेवला हसू आवरेना, तो पक्कड तोंडावर धरून उभा राहिला. वाल्मिकने रॉडकडे बोट दाखवून तोंड उघडलं, पण त्याच्या आधी भिमाबाई उठली, आणि गरम पाण्याशिवाय उठली. राग त्या घरात कुणाकडून आला होता ते सगळ्यांना तेव्हा कळलं.

"बोल ना! बोल! खोट्या गाड्या पळवायला वीज आहे, आन आईच्या गुडघ्याला नाही? पाच कार्डं मोजली वापीत, माझे दोन पाय मोजता नाही आले तुला?"

नारणभाईंनी तिथेच निकाल दिला. कॉम्प्युटर निर्दोष, तो राहील. रॉड बंद. आणि भिमाबाईंचं पाणी रोज सात वाजता वाल्मिकभाई आपल्या हाताने स्टोव्हवर तापवतील. त्यानंतर हवं तर खेळतील.

त्या दिवसापासून फ्यूज उडाला नाही. वाल्मिक सातला स्टोव्हला पंप मारायचा, पिन मारायचा, स्टोव्हवर चिडायचा, आणि आईचे पाय पाण्यात गेले की आपल्या फोटोंसमोर बसायचा.

होळीच्या आधी एका संध्याकाळी तो असाच पिन हातात धरून बसला असताना पुढच्या घरातून आवाज आला: व्र्रूंऽऽम! ओळखीचा आवाज. तोच वेग, तीच वळणं, तीच टायरांची किंचाळी.

"नारणभाईंनी कॉम्प्युटर घेतला," दुर्गा म्हणाली. "वापीहून. तुमच्याच त्या दुकानातून. दुकानदाराने खास कार्ड दिलंय म्हणे, पंखावालं. कोणी येडा बरोबरीत टाकून गेला होता."

वाल्मिकने ओट्यावरच्या नारणभाईंच्या स्वतःच्या फ्यूजकडे पाहिलं. उडेल, आता उडेल. सव्वासात झाले, साडेसात झाले. फ्यूज काही उडेना.

उलट पुढून हाक आली. सात ते आठमध्ये कामाची हाक, आयुष्यात पहिल्यांदा.

"वाल्मिकभाई! जरा आवो ने! आ गाडी बहु फास्ट पळते, हातात राहत नाय. हळू कशी करायची?"

वाल्मिक जागचा हलला नाही. भिमाबाईने पाण्यातला एक पाय बाहेर काढून त्याला ढोसलं.

"जा बापा," ती म्हणाली. "तेवढंच तर येतं तुला."