सिनेटर प्रुइट यांच्या हातचे पॅनकेक

सरकार ही वाईट गोष्ट आहे, हे नीट कळायला माणसाला निदान तीस वर्षं सरकारात काढावी लागतात. आमच्या कॅन्ससचे सिनेटर वॉल्डन प्रुइट यांनी ती काढली आहेत, आणि यंदा पुन्हा निवडून येऊन आणखी सहा काढायची त्यांची तयारी आहे. (त्यागाला वयाची अट नसते.)

त्यांच्या भूमिका स्वच्छ आहेत. कर नकोत. कायदे नकोत, त्यातून नवे तर नकोतच. वॉशिंग्टनने शेतकऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, गव्हाचं अनुदान तेवढं वेळेवर पाठवावं. कुटुंब हा समाजाचा पाया आहे, आणि या पायावर त्यांची इतकी श्रद्धा, की त्यांनी तो स्वतः तीनदा घातला. शंभरातल्या नव्वद विधेयकांना ते ‘नाही’ म्हणाले. उरलेल्या दहा वेळा ते विमानतळावर होते.

यंदा पाळी खेड्यांतल्या इस्पितळांना मदत देणाऱ्या विधेयकाची होती. आमच्या मिलर क्रीकचं इस्पितळ त्या मदतीवर चालतं, आणि लाइल शॉफ त्या इस्पितळातल्या डायलिसिसच्या यंत्रावर. त्याखालोखाल जवळचं यंत्र विचिटा शहरात, गाडीने तीन तास.

ऑगस्टमध्ये अग्निशमन केंद्रात पॅनकेकची न्याहारी असते. सिनेटर दरवर्षी येतात, एप्रन बांधतात आणि स्वतः पॅनकेक उलटतात. ज्याच्या हातचं खाल्लं त्याला चारचौघांत वाकडं विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. सिनेटरांना ती चांगली ठाऊक आहे.

लाइलची बायको व्हर्ना रांगेतच त्याला दटावत होती. “आज शेपूट घातलंस तर बघ! सरळ विचार, माझं यंत्र का बंद करताय म्हणून.”

“विचारतो गं बाई. सिरप तर घेऊ दे.”

खाणं झालं, माईक फिरला, लाइल उठला.

“बोल लाइल!” सिनेटर उलथनं हलवत म्हणाले. “आई बरी आहे ना?”

“गेली ती, वॉल्डन. तू आला होतास की मातीला.”

“हो तर! काय छान झाली होती!”

लाइलने घसा खाकरला. “मी म्हणत होतो, आपल्या इस्पितळातलं ते यंत्र...”

“हं?”

“काही नाही. पॅनकेक मस्त मऊ झालेत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हर्नाने कपाळाला हात लावला आणि मग टाळ्या वाजवल्या, कारण शेजारी बघत होते.

सप्टेंबरात सिनेटर सभागृहात गहिवरून म्हणाले, “मी स्वतः डायलिसिसच्या रुग्णाला भेटलो. त्याची काहीएक तक्रार नाही.” विधेयक एका मताने पडलं आणि थंडीच्या आधी इस्पितळाला कुलूप लागलं. (कुलूप खाजगी कंपनीचं होतं, ही तत्त्वाची बाब.)

आता लाइल आठवड्यातून तीनदा विचिटाला जातो आणि चेहरा राखेसारखा करून परततो. मतदानाच्या दिवशी तो तिकडेच असणार, म्हणून त्याने टपालाने आधीच मत दिलं. कोणाला, असं मी विचारलं.

“वॉल्डनला. दुसऱ्या कोणाला? दुसरा उमेदवार आमच्याकडे कधी आलाय का?”

मला लाइलचा संताप आला. तुम्हालाही आला असेल. मग आता खरं सांगा, तुमचा पुढारी गेल्या खेपेला तुमच्या दारात आला, तेव्हा तुम्ही त्याला काय विचारलंत? चहात साखर किती, एवढंच ना?