पाव इंचाचा व्हॉल्व्ह

"पाव इंच?" तपासनीस बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नियमात फार तर अष्टमांश इंच बसतो. एवढ्या मोठ्या तोंडाचा हवेचा व्हॉल्व्ह लावून रोबोट मैदानात उतरणार नाही."

"मोठा आहे म्हणून नको?" संघाचे कोच हापाला लालबुंद झाले. "अहो, एकतीस वर्षं कागद गिरणीत व्हॉल्व्हच सांभाळले मी. असा माल आता मिळत नाही!"

"माल झकास आहे. काढा."

शाळेच्या व्यायामशाळेत रोबोट स्पर्धेसाठी छत्तीस संघांची खटपट चालली होती. पहिला सामना दहाला, आणि तपासणीचा हिरवा स्टिकर नसेल तर प्रवेश नाही. हापालांच्या संघाची कर्णधार लिनिआ, तिचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. नियमांचं पुस्तक तिने जानेवारीतच कोचना दिलं होतं. त्यांनी त्यावर कॉफीचा कप ठेवला होता.

"कोच, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"तू मध्ये बोलू नकोस! हा उघड उघड अन्याय आहे!"

तेवढ्यात त्यांना शेजारच्या टेबलावरचा रोबोट दिसला. त्यालाही तसलाच धटिंगण व्हॉल्व्ह, आणि वर हिरवा स्टिकर! दुसऱ्या तपासनिसाच्या नजरेतून तो निसटला असणार. कोचच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आम्हाला एक न्याय आणि यांना दुसरा?" ते तरातरा जाऊन बाईंना घेऊन आले. शेजारचा संघ खायला गेला होता. दोन मिनिटांत त्यांच्या रोबोटवरचा स्टिकर उतरला.

मग सामन्यांची यादी लागली. एका बाजूला तीन-तीन रोबोट असतात. पहिल्या सामन्यात तो शेजारचा संघ हापालांच्याच बाजूला होता.

"छान," लिनिआ म्हणाली. "आता आपल्या बाजूचे दोन रोबोट बाद."

कुणाकडे जास्तीचा अष्टमांशाचा व्हॉल्व्ह आहे का, असं लिनिआने ध्वनिक्षेपकावरून विचारून पाहिलं, कोणी आलं नाही. शेवटी शेजारच्या कोच ट्रुडेलबाई हातात अर्धी पास्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, घेऊन आल्या.

"आमच्या खोक्याच्या तळाशी हा एकच सापडला, अष्टमांशाचा. तुम्ही लावा. तुमचा रोबोट वजन उचलतो, त्याला तो लागेलच; आमचा व्हॉल्व्ह काढूनही ढकलाढकली करेल."

"अहो, पण तुम्ही..." कोच चाचरले.

"एकाच बाजूचे ना आपण? आणि हो, आमची चहाडी कुणी केली ते कळलं तर सांगा. थोबाड बघायचंय मला त्याचं."

"असल्या माणसांना स्पर्धेतूनच हाकललं पाहिजे!" हापाला कोच तावातावाने म्हणाले, आणि लिनिआकडे न बघता पाना घेऊन टेबलाखाली शिरले.