परबदाजींचं सोवळं

परबदाजींनी पहिल्याच भेटीत मला गॅरेजच्या दारात अडवलं आणि शर्ट झटकून यायला सांगितलं. मी नाशिकचा, इथे कुवेतमध्ये तेलकंपनीत इंजिनिअर. मला असं दारात कोणी उभं करत नाही. मुकाट्याने शर्ट झटकला, तर म्हणाले, "आता हात धुवा. गिअरबॉक्स उघडो असा."

कुवेतच्या राई नावाच्या औद्योगिक भागातल्या त्या गल्लीत गॅरेजला गॅरेज लागून आहे. सगळीकडे धूळ, ऑइल आणि आरडाओरडा. दाजींच्या कोपऱ्यात मात्र पत्र्याचा आडोसा, आत लख्ख स्टीलचं टेबल, आणि कडक सोवळं. फडक्याला आत बंदी. फडक्याचा एक धागा जरी वॉल्वमध्ये अडकला, तरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे बारा वाजतात, म्हणून धुतलेले भाग हवेच्या झोताने सुकवायचे. क्लचच्या प्लेटी बसवण्याआधी तेलात भिजत घालायच्या, घरी काळे वाटाणे घालतात तशा. बाहेर वाळू उडायला लागली की शटर खाली. एकदा एक कुवेती गिऱ्हाईक शटरवर थापा मारत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, लवकर, असं ओरडत होतं. दाजी आतूनच "श्वय, श्वय", म्हणजे जरा दमानं, असं म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "घाय मी गावाक ठेवून इलंय."

गेल्या अठरा वर्षांत दाजींनी बांधलेला एकही गिअरबॉक्स दुरुस्तीला परत आलेला नाही. हे ते न विचारता सांगतात, दर भेटीत सांगतात. "परत इलेलो नाय!" म्हणताना त्यांच्या डांगरीची बटणं ताणली जातात. बढाई म्हणावी, तर गोष्ट खरी आहे. त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.

आणखी एक खोड म्हणजे पुटपुटणं. एका कानात इयरफोन, आणि प्रत्येक भाग उचलताना ओठ हलतायत. मला वाटायचं, स्तोत्र म्हणत असतील.

मागच्या महिन्यात माझ्याच गाडीचा गिअरबॉक्स त्यांच्या टेबलावर आला. आई पहिल्यांदाच कुवेतला येत होती, विमान संध्याकाळी पाचला उतरणार होतं, आणि मला तिला माझ्या गाडीतून घरी न्यायचं होतं. दाजी गिअरबॉक्समधला एकेक पोलादी छर्रा कपाळाजवळ धरून न्याहाळत होते आणि पुटपुटत होते. माझा पारा चढला.

"दाजी, ते स्तोत्र आज राहू द्या. जरा हात चालवा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग इयरफोन काढून खिशात ठेवला. "बरा," एवढंच म्हणाले.

तीन वाजता गिअरबॉक्स गाडीत चढला. आता फक्त तेल भरायचं बाकी होतं. दाजींनी टेबलावरचा ट्रे उचलला आणि त्याच्याखालून हरभऱ्याच्या डाळीएवढा एक छर्रा घरंगळत बाहेर आला.

"एवढ्याशाने काय होतंय?" मी म्हणालो. इंजिनिअर असून म्हणालो.

"सायबानू," दाजींचा आवाज अगदी खाली आला, "ह्याच गाडयेत आवशीक बसवतल्यात ना?"

मग त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून बाईचा आवाज आला, "मगाशी फोन कित्याक ठेवल्यात? मी वही घेवन बसलंय हंय."

"सुमन, एक छर्रो उरलो गे."

पानं उलटल्याचा आवाज झाला. "सातवो. डाव्या कोपऱ्यात, बारक्या स्प्रिंगीच्या बाजूक. ह्योच वाचताना फोन ठेवल्यात, खूण नाय केलेली."

कुडाळजवळच्या गावात बसून दाजींच्या पत्नी, सुमनवहिनी, त्यांचा प्रत्येक गिअरबॉक्स वहीत उतरवतात. खोलताना दाजी सांगतात, त्या लिहितात. बसवताना त्या वाचतात, दाजी बसवतात, आणि त्या खूण करतात. दाजींना वर्षातून एक महिना सुट्टी मिळते. उरलेल्या अकरा महिन्यांचा त्यांचा संसार असा स्प्रिंगा आणि वॉशरांवरून चाललेला असतो. "माझो डोळो चुकात," दाजी मला म्हणाले, "तिची वही चुकाची नाय." आणि तोच फोन मी बंद करायला लावला होता. मला इतकी लाज वाटली की मी पुन्हा जाऊन हात धुऊन आलो.

दाजींनी गिअरबॉक्स खालून पुन्हा उघडला. आईला मी टॅक्सीने आणलं. तिला काहीच फरक पडला नाही.

सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी दाजी माझ्या शेजारी बसले, फोन गिअरच्या दांड्याजवळ ठेवला आणि मला गाडी काढायला सांगितली. रस्ते मोकळे होते. मी वेग वाढवला.

"दुसरो गिअर पडलो," इंजिनाचा आवाज ऐकत फोनमधून वहिनी म्हणाल्या. "तिसरो. चवथो... धक्को नाय ओ!"

"नाय ना?" दाजी म्हणाले. बटणं ताणली गेली होती, पण ते काचेबाहेर बघत होते. "परत येवचो नाय."

घराचं वळण जवळ आलं. वहिनी म्हणाल्या, "सायबांका घाय असतली. ठेवू फोन?"

दाजींनी दांड्याजवळचा फोन उचलून हातात धरला.

"नाही वहिनी," मी म्हणालो, "घाई मी गावाला ठेवून आलोय." आणि वळण सोडून गाडी सरळ पुढे घेतली.