न धरलेली दारू

सरकारी व्यसनमुक्ती केंद्राचा वार्षिक समारंभ सुरू व्हायची वेळ झाली आणि ज्याचा सत्कार व्हायचा तो व्यसनमुक्त माणूसच आला नाही. फोन केला तर म्हणाला, "साहेब, आता सुधारलोय ना मी! कामावर खाडा नाही करत."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. वरचे अधिकारी येऊन बसलेले! त्यांनी कारकुनाला गाठलं.

"आज तुम्ही दारू सोडलेली आहे."

"अहो साहेब, पण मी धरली कधी?"

"मग सोडायला सोपं जाईल. चला!"

कारकून बिचारा चहासुद्धा अर्धाच कप घेणारा. त्याला भीती एकाच माणसाची, सासऱ्यांची. "पोरीला त्रास झाला तर आल्या पावली घेऊन जाईन," असं ते येताजाता बजावायचे. आणि नवऱ्याच्या केंद्राचा समारंभ म्हणून बायकोने त्याला न सांगताच आईवडिलांना आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. घ्या!

माइक हातात आला तेव्हा भाषण तयार नव्हतं. पण पेशंटांच्या कहाण्या लिहून घेण्यात अर्धी हयात गेलेली. एकीला दुसरी जोडली आणि गाडी सुटली. गटारात झोपलो, बायकोच्या बांगड्या विकल्या... बायकोने दचकून हात चाचपले. बांगड्या होत्या. इकडे टाळ्या पडल्या तसा गडी चेकाळला.

"इतकंच काय, सासऱ्यांचं सोन्याचं घड्याळसुद्धा मीच लंपास केलं!"

सासूबाई ताडकन उठल्या. घड्याळ खरंच गेलेलं होतं. "अगं बाई! म्हणजे चोर घरातलाच!"

आवाज ओळखून कारकुनाने खाली पाहिलं. शेजारी सासरे, लालबुंद. त्याने भाषण तिथेच आवरलं.

समारंभ संपताच सासऱ्यांनी त्याला दंडाला धरून जिन्याखाली ओढलं.

"बाबा, आईशप्पथ! थेंब घेतला नाही, घड्याळही घेतलं नाही!"

"हळू बोला हो, जावईबापू!" सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मला माहीत आहे. घड्याळ मीच विकलं, पिण्यापायी. तुमच्या सासूबाईंना माझाच संशय होता, तो आज फिटला."

"तुम्ही, बाबा?"

"मघाशी तुम्ही सांगत होतात ना, तो मीच हो," सासरे आणखी जवळ सरकले. "अजूनही आहे. पोरीला मी कुठे नेत नाही. ही बया सुटते कशी, तेवढं सांगा."

कारकुनाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात धरला आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत नेलं.

बाहेर सासूबाई लेकीची समजूत घालत होत्या, "रडू नकोस गं. सगळेच पुरुष तुझ्या बाबांसारखे सरळ नसतात!"